जुनी आऊटबोर्ड मोटर घेण्यापूर्वी: कॉम्प्रेशन तपासण्याची सविस्तर पद्धत

२०१९ च्या जुलैअखेरीस आणि पुन्हा २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी बडोद्यात शिरले, तेव्हापासून आपल्याकडे एखादी लहान फायबरची होडी आणि तिच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायची आऊटबोर्ड मोटर असावी असे म्हणणारे लोक ओळखीपाळखीत भेटू लागले आहेत. नव्या मोटरची किंमत ऐकल्यावर त्यातले बरेचजण जुन्या मालाकडे वळतात. असा माल साधारणपणे दोन वाटांनी येतो. एक वाट वेरावळ, जाफराबाद, भरूच अशा ठिकाणच्या मासेमारीच्या होड्यांची, आणि दुसरी सरकारी खात्यांच्या लिलावांची. दोन्हीकडे मोटर विकणारा माणूस स्टार्टरची दोरी हळूच ओढून दाखवतो आणि म्हणतो, ‘बघा, किती जड जाते, कॉम्प्रेशन फुल आहे.’

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये तयार होणारा हवेचा दाब. दोरीच्या जडपणावर विश्वास ठेवून पैसे मोजू नयेत, एवढेच या लेखाचे सांगणे आहे. बेअरिंगला गंज चढला असेल, पिस्टन एका बाजूने घासत असेल किंवा ग्रीस सुकले असेल, तरीही दोरी जडच जाते. उलट स्पार्क प्लग काढून त्या जागी दाब मोजणारे गेज लावले, की पाऊण तासात इंजिनाच्या पोटातली बरीचशी परिस्थिती आकड्यांत समोर येते. मात्र आकडा कसा घेतला यावर त्याची किंमत ठरते. एकाच मोटरवर निष्काळजीपणे घेतलेले माप ७० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच, दाबाचे एकक) आणि नीट घेतलेले ११५ येऊ शकते, आणि असे झाल्यामुळे चांगल्या मोटरी नाकारल्या गेल्याची उदाहरणेही पुष्कळ आहेत.

गेज आणि त्याचा अडॅप्टर

कॉम्प्रेशन गेज दोन प्रकारचे मिळते. एकाच्या टोकाला रबरी शंकू असतो आणि तो प्लगच्या भोकावर हाताने दाबून धरावा लागतो. दुसऱ्याच्या नळीच्या टोकाला आटे असतात आणि ते प्लगच्या जागी फिरवून बसवतात. एकट्या माणसाने एका हाताने शंकू दाबून दुसऱ्या हाताने दोरी ओढणे जवळजवळ अशक्य आहे, शिवाय दाब थोडा कमी पडला की हवा निसटते. म्हणून आट्यांचेच गेज घ्यावे. ते ० ते ३०० पीएसआयपर्यंत मोजणारे असावे आणि त्याच्या नळीच्या सिलिंडरकडच्या टोकात टायरच्या व्हॉल्व्हसारखा एकतर्फी व्हॉल्व्ह असावा. हा व्हॉल्व्ह गेजच्या डबीजवळ असेल, तर नळीतली सगळी पोकळी ज्वलनकक्षात मिळते आणि आकडा खाली येतो. मोठ्या मोटारगाडीच्या इंजिनात हा फरक फारसा जाणवत नाही, पण आठ किंवा पंधरा अश्वशक्तीच्या मोटरच्या लहानशा सिलिंडरमध्ये तो चांगलाच जाणवतो.

अडॅप्टर निवडताना प्लगवरची अक्षरे वाचावीत. एनजीके या कंपनीच्या नेहमीच्या प्लगवर पहिले अक्षर ‘बी’ असेल तर आटे १४ मिलिमीटरचे, ‘डी’ असेल तर १२ चे आणि ‘सी’ असेल तर १० चे असतात. उष्णतेच्या आकड्यानंतर ‘एच’ असेल तर आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर आणि ‘ई’ असेल तर १९ मिलिमीटर असते. बहुतेक आऊटबोर्डना १४ मिलिमीटरचे प्लग लागतात, आणि जुन्या टू-स्ट्रोक मोटरींत आखूड आट्यांचे प्लग सर्रास आढळतात. लांबी नीट पाहणे महत्त्वाचे आहे, कारण आखूड भोकात लांब अडॅप्टर बसवला तर त्याचे टोक ज्वलनकक्षात पुढे येते आणि वर येणारा पिस्टन त्याच्यावर आदळू शकतो. लांब भोकात आखूड अडॅप्टर लावला तर नुकसान होत नाही, पण पोकळी वाढते आणि आकडा किंचित कमी येतो.

याखेरीज प्लगचा पाना, थोडे टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचे) तेल, पाच मिलिलिटर मोजता येईल अशी सुईविना सिरिंज, दोन जंपर वायरी, हवेचा पंप आणि वही-पेन जवळ ठेवावे. मोबाइलला जोडण्याचा स्वस्तातला एंडोस्कोप मिळाला तर फारच उत्तम. त्याचा उपयोग पुढे येईल.

मोटर उभी करणे

मोटर जमिनीवर आडवी पडलेली असताना तपासणी करू नये. जाड फळी असलेल्या लाकडी घोडीवर किंवा होडीच्याच मागच्या फळीवर तिचे दोन्ही क्लॅम्प घट्ट आवळून तिला उभी करावे. दोरी जोरात ओढायची असल्यामुळे घोडी हलता कामा नये, म्हणून तिच्या पायावर एका मदतनिसाला उभे करावे.

विकणाऱ्याकडे पोहोचल्यावर पहिल्यांदा मोटरच्या डोक्याला हात लावून पाहावा. ती कोमट असेल, तर आपण येण्यापूर्वी तिला चालवून ठेवले आहे असे समजावे आणि त्याचे कारण विचारावे. थंड असताना सुरू व्हायला त्रास देणारी मोटर गरम असताना शहाण्यासारखी सुरू होते, हे विकणाऱ्याला पक्के ठाऊक असते. शक्य असल्यास आधीच सांगून ठेवावे की मोटर थंडच राहू द्या.

थंड माप आधी, गरम माप नंतर

मार्गदर्शक पुस्तकांत गरम इंजिनावर माप घ्यायला सांगितलेले असते आणि ते योग्यच आहे. मात्र अनोळखी माणसाकडून मोटर घेताना मी थंड माप आधी घेण्याच्या बाजूचा आहे. सिलिंडरमध्ये चमचाभर घट्ट तेल सोडून ठेवले, की पिस्टनभोवतीच्या झिजलेल्या रिंगांतूनही आकडा छान चढतो. ही युक्ती जुनी आहे. थंड मापात आकडा फार चांगला आला, आणि मोटर चालवल्यानंतर गरम मापात तो वीस-पंचवीस पीएसआयने घसरला, तर चोरी उघडी पडते. प्लग काढताना त्याचे आटे तेलाने चिंब ओले आणि टोकही तेलात बुडवल्यासारखे दिसले तर संशय आणखी बळावतो, जरी टू-स्ट्रोकमध्ये थोडा ओलावा असणे नैसर्गिक असले तरी.

थंड माप घेऊन झाल्यावर प्लग परत लावावेत आणि मोटर पाच-सात मिनिटे चालवावी. त्यासाठी पाण्याचे मोठे पिंप लागते. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते तिच्याही वर चार बोटे पाणी असले पाहिजे, म्हणजे पाणी ओढण्याची जाळी पूर्ण बुडते. सुरक्षिततेसाठी पंखा काढून ठेवावा. पाण्याविना मोटर काही सेकंदही चालवू नये. पंपाचा रबरी इंपेलर पाण्यानेच वंगण घेतो आणि कोरडा फिरला की जळतो. हे सगळे उघड्यावर करावे, बंद गाळ्यात किंवा पार्किंगच्या तळघरात नव्हे, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. आणि पिंप मिळत नाही म्हणून कोणी विश्वामित्रीच्या काठावर मोटर घेऊन जाऊ नये. तिथल्या मगरींची ओळख बडोदेकरांना करून देण्याची गरज नाही.

चालू असताना इंजिनाच्या बाजूने पिचकारीसारखी पाण्याची धार सतत बाहेर पडते की नाही हे पाहावे. धार नसेल तर लगेच बंद करावे. थंडावा न मिळालेल्या इंजिनाचे कॉम्प्रेशन आज चांगले असले तरी ते उद्या चांगले राहील याची खात्री नाही.

प्लग काढणे आणि स्पार्क बंद करणे

प्लग सैल करण्यापूर्वी त्याच्या बुडाभोवतीची वाळू, मीठ आणि गंजाची पूड पंपाच्या हवेने उडवून लावावी. ती सिलिंडरमध्ये पडली तर भिंतीवर ओरखडा उमटतो, आणि मग दोष विकणाऱ्याचा की आपला याचा वाद होतो. सगळेच प्लग काढावेत. फक्त एक काढून माप घेतल्यास बाकीच्या सिलिंडरांचा दाब दोरीला विरोध करतो, इंजिन हळू फिरते आणि आकडा कमी येतो. काढलेले प्लग वरपासून खालपर्यंत ओळीने कागदावर मांडून ठेवावेत, कारण त्यांची तोंडेही बोलतात. बिस्किटी किंवा तपकिरी रंग ठीक असतो. काळा आणि तेलकट असेल तर तेल जास्त होत आहे किंवा ते नीट जळत नाही. एक प्लग बाकीच्यांच्या मानाने अगदीच स्वच्छ, धुतल्यासारखा दिसत असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरत असण्याची शक्यता आहे, कारण पाण्याची वाफ कार्बन साफ करते. अशा वेळी हेड गॅस्केटचा (सिलिंडर आणि त्यावरचे हेड यांच्यामधल्या पातळ पत्र्याचा) संशय गेज लावण्याआधीच मनात नोंदवून ठेवावा.

आता स्पार्क बंद करावा. सुरक्षेच्या लाल दोरीची क्लिप काढून टाकली की बहुतेक मोटरींत प्रज्वलन थांबते, पण तेवढ्यावर समाधान मानू नये. प्रत्येक प्लगच्या टोपीला जंपर वायर जोडून तिचे दुसरे टोक इंजिनाच्या उघड्या धातूला घट्ट लावावे. उघड्या वायरीने स्पार्क सोडत राहिल्यास सीडीआय, म्हणजे स्पार्क तयार करणारी इलेक्ट्रॉनिक डबी, खराब होऊ शकते, आणि प्लगच्या भोकांतून पेट्रोलची वाफ फुसफुसत असताना जवळ ठिणगी पडणे धोक्याचे आहे. इंधनाची नळी काढून ठेवावी. पेट्रोलचे कॅन दूर सरकवावे.

थ्रॉटल पूर्ण उघडा: इथेच बहुतेकांचे माप चुकते

मोटर न्यूट्रलमध्ये ठेवावी. चोक उघडा असावा. त्यानंतर थ्रॉटल पूर्ण उघडायचा, आणि इथे एक फसगत आहे. हातदांड्याच्या पुष्कळ मोटरींत न्यूट्रलमध्ये असताना थ्रॉटलची मूठ एका मर्यादेपुढे फिरत नाही. ती सुरक्षेसाठी तशी बांधलेली असते. मूठ शेवटपर्यंत फिरवली म्हणून कार्बोरेटरची झडप पूर्ण उघडली असे होत नाही. म्हणून वरचे झाकण काढून कार्बोरेटरजवळचा लिव्हर स्वतः बोटाने शेवटपर्यंत सरकवावा आणि मदतनिसाला तो तसाच धरायला सांगावा. झडप अर्धवट बंद असताना सिलिंडरमध्ये पुरेशी हवाच येत नाही आणि सर्व सिलिंडरांचे आकडे सारखेच खाली येतात. सारखेच खाली असल्यामुळे पाहणाऱ्याला वाटते की इंजिन सगळीकडून सारखे झिजले आहे.

ओढणे आणि वाचणे

गेज हाताने फिरवून बसवावे. पक्कड लावण्याची गरज नसते. त्यानंतर दोरी पूर्ण लांबीपर्यंत, एकाच वेगाने आणि जोरात ओढावी. अर्ध्या हाताचे झटके उपयोगाचे नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला दाब बनतो, पण फोर-स्ट्रोकमध्ये दर दोन फेऱ्यांनी एकदाच, त्यामुळे फोर-स्ट्रोक मोटरला दुप्पट वेळा ओढावे लागते. काटा वर सरकणे थांबेपर्यंत ओढत राहावे. सगळे सिलिंडर एकाच माणसाने ओढावेत, म्हणजे हाताच्या ताकदीचा फरक मापात येत नाही. इलेक्ट्रिक स्टार्ट असेल तर बॅटरी पूर्ण चार्ज असावी आणि स्टार्टर एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त फिरवू नये. मध्ये त्याला थंड होऊ द्यावे.

काटा वर जाताना पाहणे हा या तपासणीतला सर्वांत रंजक आणि सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. निरोगी टू-स्ट्रोक सिलिंडरमध्ये पहिल्याच ओढीला काटा साठच्या पुढे उडी मारतो, दुसरीला नव्वदच्या आसपास जातो, मग उड्या लहान होत जातात आणि चौथ्या-पाचव्या ओढीला तो एका जागी ठाम बसतो. काटा पहिल्या ओढीला कमी चढून नंतर हळूहळू वर सरकत राहिला, पण अपेक्षित जागी पोहोचलाच नाही, तर रिंगांची किंवा बोअरची (सिलिंडरच्या आतल्या भिंतीची) झीज समजावी. पहिल्या ओढीला कमी आणि त्यानंतरही फारसा न हलणारा काटा गॅस्केटकडे, किंवा फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो. म्हणून वहीत शेवटच्या आकड्याबरोबर पहिल्या ओढीचा आकडाही लिहावा. मग गेजचे बटण दाबून दाब सोडावा आणि त्याच सिलिंडरचे माप पुन्हा घ्यावे. दोन्ही वेळा आकडा चार-पाच पीएसआयच्या आत आला तरच तो खरा मानावा.

आकड्यांचा अर्थ

लहान आणि मध्यम टू-स्ट्रोक आऊटबोर्डमध्ये साधारण ९० ते १३० पीएसआय हा आकडा समाधानकारक मानतात. फोर-स्ट्रोकमध्ये तो दीडशेच्या वर, कधी दोनशेपर्यंतही असतो. टू-स्ट्रोकचा आकडा कमी असण्याचे कारण झीज नव्हे तर रचना आहे: पिस्टन वर जाताना जोपर्यंत एक्झॉस्टची खिडकी झाकली जात नाही तोपर्यंत खरा दाब सुरूच होत नाही. दोन एककांचा घोळ टाळण्यासाठी लक्षात ठेवावे की १ बार म्हणजे १४.५ पीएसआय, आणि जुन्या गेजवरचा १ किलो प्रति चौरस सेंटिमीटर म्हणजे १४.२ पीएसआय.

नेमका आकडा त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो आणि शक्य असेल तर तोच प्रमाण मानावा. पण मॅन्युअल नसले तरी अडत नाही, कारण या तपासणीत सिलिंडरांची आपापसांतली तुलना जास्त बोलकी असते. गेज दहा पीएसआयने खोटे असले तरी ते सगळ्या सिलिंडरांना सारखेच खोटे असते. सर्वांत मोठ्या आकड्यापेक्षा सर्वांत लहान आकडा दहा टक्क्यांहून जास्त खाली नसावा. एकाचा १२० असेल तर दुसऱ्याचा १०८ च्या खाली जाता कामा नये. १०२ आणि १०० देणारी मोटर मी १३० आणि १०५ देणाऱ्या मोटरच्या आधी निवडेन. एकच सिलिंडर असलेल्या दोन-तीन अश्वशक्तीच्या मोटरींत मात्र तुलनेला जोडीदार नसतो, तिथे मॅन्युअलशिवाय किंवा त्याच मॉडेलच्या दुसऱ्या मोटरशिवाय निकाल देऊ नये.

आता तीन गोष्टी अशा, ज्यांमुळे निरोगी मोटरही कमी आकडा दाखवते. पहिली रॉकेलची मोटर. मासेमारीसाठी बनवलेल्या काही टू-स्ट्रोक मोटरी पेट्रोलवर सुरू होऊन रॉकेलवर चालतात आणि रॉकेलमध्ये ठोके येऊ नयेत म्हणून त्यांचे कॉम्प्रेशन मुळातच कमी ठेवलेले असते. पेट्रोलच्या त्याच ताकदीच्या मोटरीशी त्यांची तुलना करणे अन्यायाचे आहे. इंधनाच्या दोन टाक्या किंवा दोन नळ्यांची सोय दिसली तर प्रथम हे विचारावे. दुसरी गोष्ट फोर-स्ट्रोकमधली. दोरी हलकी जावी म्हणून कॅमशाफ्टवर दाब सोडणारी यंत्रणा अनेक मोटरींत असते आणि दोरीच्या वेगाला ती सुरूच राहते, त्यामुळे आकडा आश्चर्यकारकरीत्या खाली येतो. तिसरी उंची. बडोदा समुद्रसपाटीच्या जेमतेम थोडेसे वर आहे, पण इंदूर सुमारे ५५० मीटरवर आहे आणि तिथे हवाच विरळ असल्यामुळे तीच मोटर पाच-सहा टक्के कमी आकडा दाखवेल. इंदूरच्या नातेवाइकाने फोनवर कळवलेला आकडा ऐकताना एवढी सूट द्यावी.

आकडा जास्त आला म्हणूनही हुरळून जाऊ नये. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा वीसेक पीएसआयने वर असेल तर त्याच्या पिस्टनवर कार्बनचा जाड थर असू शकतो, किंवा आत तेल सोडलेले असू शकते.

तेल सोडून दुसरे माप

कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये तेल सोडून पुन्हा माप घेतले की दोष कुठे आहे ते कळते, ही पद्धत मोटारींच्या मेकॅनिकांना परिचित आहे. आऊटबोर्डमध्ये तिला एक अडचण आहे, जी पुष्कळजण विसरतात. या मोटरींत क्रँकशाफ्ट उभा असतो आणि सिलिंडर आडवे झोपलेले असतात. प्लगच्या भोकातून सोडलेले तेल सिलिंडरच्या खालच्या बाजूला साचते आणि रिंगेच्या वरच्या भागाला लागतच नाही. म्हणून मोटर पूर्ण उचलून तिरकी करावी. तशी केल्यावर हेडची बाजू वर येते आणि प्लगची भोके आकाशाकडे वळतात. मग सिरिंजने पाच मिलिलिटर तेल सोडावे, फ्लायव्हील हाताने दोन-तीन वेळा फिरवावे, मिनिटभर थांबावे आणि मोटर पुन्हा सरळ करून माप घ्यावे. पाच मिलिलिटरपेक्षा जास्त तेल सोडू नये. ज्वलनकक्ष लहान असतो, तेल दाबले जात नाही, आणि जास्त भरले तर दोरी मध्येच अडते किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो.

समजा दोन सिलिंडरच्या पंधरा अश्वशक्तीच्या मोटरचा वरचा आकडा ११८ आणि खालचा ९४ आला. खालच्यात तेल सोडल्यावर तो ११५ पर्यंत चढला, तर रिंगा झिजल्या आहेत, चिकटल्या आहेत किंवा बोअरवर ओरखडे आहेत. तेल सोडूनही तो ९५-९६ वरच राहिला, तर हवा रिंगांपाशी नव्हे, दुसरीकडे निसटते आहे: टू-स्ट्रोकमध्ये बहुधा हेड गॅस्केटमधून, फोर-स्ट्रोकमध्ये व्हॉल्व्हमधूनही. शेजारशेजारचे दोन्ही सिलिंडर सारखेच कमी असतील आणि तेलाने दोघांतही फरक पडत नसेल, तर त्यांच्यामधल्या भिंतीवर गॅस्केट फुटल्याचा दाट संशय घ्यावा. दोन सिलिंडरच्या मोटरीत ही खूण सहज निसटते, कारण दोन्ही आकडे जुळलेले दिसतात आणि ‘तुलना चांगली आहे’ असे म्हणून माणूस पुढे जातो.

इथे एंडोस्कोप कामी येतो. प्लगच्या भोकातून आत घालून पिस्टन खाली असताना सिलिंडरची भिंत पाहावी, विशेषतः एक्झॉस्टच्या खिडकीभोवती. तिथे पिस्टन सर्वाधिक तापतो आणि घासल्याच्या खुणा तिथेच आधी उमटतात. उभ्या बारीक चमकदार रेषा क्षम्य आहेत. नखाला लागतील अशा खोल ओरखड्यांवर, किंवा भिंतीला चिकटलेल्या ॲल्युमिनियमच्या करड्या डागांवर, बोअर मारल्याशिवाय, म्हणजे सिलिंडर आतून कोरून थोडे मोठे केल्याशिवाय, इलाज नाही.

कारखान्यात कॉम्प्रेसर उपलब्ध असेल तर गळती ऐकूनही शोधता येते. पिस्टन अगदी वरच्या टोकाला आणून तिथेच पक्का धरावा आणि प्लगच्या भोकातून अडॅप्टरने हवा भरावी. शेजारच्या प्लगच्या भोकातून फुसकारा आला तर गॅस्केट, कार्बोरेटरमधून आला तर फोर-स्ट्रोकमध्ये आत घेणारा व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या भोकातून आला तर फोर-स्ट्रोकच्या रिंगा. पिचकारीच्या भोकातून हवा बाहेर पडली तर गॅस्केट पाण्याच्या मार्गात फुटले आहे. हवेच्या दाबाने क्रँक अचानक फिरू शकतो, म्हणून हात पंख्याजवळ आणि फ्लायव्हीलजवळ नेऊ नये.

कमी आकडा आला म्हणून लगेच नाही म्हणू नये

रॉकेल किंवा भेसळयुक्त तेल जाळलेल्या मोटरीत रिंगा त्यांच्या खाचांत कार्बनने चिकटून बसतात आणि पसरत नाहीत. त्या झिजलेल्या नसतात, फक्त अडकलेल्या असतात. विकणारा तयार असेल तर मोटर तिरकी करून प्रत्येक सिलिंडरमध्ये कार्बन विरघळवणारे द्रावण सोडावे, मधूनमधून फ्लायव्हील फिरवावे आणि रात्रभर तसेच ठेवावे. दुसऱ्या दिवशी भोकांवर फडके धरून दोरी ओढत उरलेले द्रावण बाहेर काढावे, मोटर पिंपात चालवावी आणि माप पुन्हा घ्यावे. आकडा पंधरा-वीसने वर आला तर मोटरीत जीव आहे. फोर-स्ट्रोकमध्ये कमी आकड्याचे कारण व्हॉल्व्हचे अंतर फारच कमी झालेले असणे हेही असते, आणि ते ठीक करायला फीलर गेज आणि एक दुपार पुरते.

ज्याचा निकाल खर्चिक लागतो तो प्रकार म्हणजे खाऱ्या पाण्यातली मोटर. गोड्या पाण्यात चाललेल्या मोटरचे हेड उघडणे, गॅस्केट बदलणे किंवा मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) ब्लॉक नेऊन बोअर मारून घेणे हे हिशेबात बसणारे काम आहे, अर्थात त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन मिळत असतील तर. समुद्रात किंवा खाडीत वर्षानुवर्षे चाललेल्या मोटरीचे हेडबोल्ट ॲल्युमिनियममध्ये असे बसलेले असतात की पाना लावताच मुंडी तुटून हातात येते. त्यानंतर तुटलेला बोल्ट काढणे, आटे नव्याने पाडणे आणि हेड समतल करून घेणे यात मोटरच्या किमतीएवढा पैसा जाऊ शकतो. म्हणून कमी आकडा दिसल्यावर आधी हेडबोल्टभोवतीची पांढरी पूड आणि थर्मोस्टॅटच्या झाकणावरचा गंज पाहावा आणि मग सौदा करावा. ९५ पीएसआयची गोड्या पाण्यातली मोटर मी ८५ ची खाऱ्या पाण्यातली मोटर अर्ध्या किमतीत मिळत असली तरी आधी घेईन.

कॉम्प्रेशन चांगले आले तरी काही गोष्टी त्यातून कळत नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसमधला दाब, तिथे मिश्रण आत घेणारा रीड व्हॉल्व्ह आणि क्रँकच्या दोन्ही टोकांची सीलं यांना गेज स्पर्शही करत नाही. सील गळत असेल तर इंजिन बाहेरची हवा ओढते, मिश्रण पातळ होते आणि आज १२० देणारा पिस्टन पुढे जळून त्याला भोक पडते. मोकळी ठेवली असता मोटर आपोआप वर-खाली धावत असेल, म्हणजे वेग कारणाविना चढत-उतरत असेल, तर हा दोष तपासून घ्यावा. खालच्या गिअरबॉक्सचा खालचा स्क्रू किंचित सैल करून दोन थेंब तेल काढून पाहावे. ते दुधी असेल तर आत पाणी गेले आहे. कॉम्प्रेशनशी याचा संबंध नाही, पण खर्चाशी आहे.

शेवटी प्लग परत लावताना ते आधी हाताने आट्यांत फिरवावेत, कारण ॲल्युमिनियमचे आटे वाकडे बसले की कायमचे खराब होतात. नवा प्लग हाताने पूर्ण बसल्यावर पान्याने साधारण अर्धी फेरी आवळावा. जुन्या, दबलेल्या वॉशरच्या प्लगला त्याहून पुष्कळ कमी पुरते. वरपासून खालपर्यंत सगळ्या सिलिंडरांचे पहिल्या ओढीचे, शेवटचे, थंड, गरम आणि तेलासह घेतलेले आकडे मोटरच्या सिरियल नंबरसह वहीत लिहावेत आणि त्या पानाचा फोटो काढून ठेवावा. मोटर घेतली तर पुढच्या पावसाळ्याआधी हीच तपासणी याच गेजने पुन्हा करून तो आकडा या पानाशी ताडून पाहता येतो, आणि नाही घेतली तर त्याच मॉडेलची दुसरी मोटर पाहायला जाताना हे पान जवळ ठेवता येते.